चाळीस मेगावॅटची वाट

४० मेगावॅट म्हणजे विजेच्या धंद्यात चिल्लरच. पण ही वीज नेपाळची, तारा भारताच्या आणि गिऱ्हाईक बांगलादेश. दक्षिण आशियात तीन देशांत असा व्यवहार याआधी झाला नव्हता.

करार ३ ऑक्टोबर २०२४ ला काठमांडूत झाला. सह्या तिघांच्या: नेपाळ विद्युत प्राधिकरण, बांगलादेशचं वीज विकास मंडळ आणि भारताची एनटीपीसी विद्युत व्यापार निगम. दर युनिटला ६.४ अमेरिकी सेंट, मुदत दरवर्षी १५ जून ते १५ नोव्हेंबर. या तारखा नद्यांनी ठरवल्यात. नेपाळचे बहुतेक प्रकल्प वाहत्या पाण्यावरचे, मोठा साठा नसलेले. पावसाळ्यात वीज उरते, हिवाळ्यात नेपाळच भारताकडून विकत घेतो. सह्या झाल्या तेव्हा हंगाम सरत आला होता, म्हणून पहिल्या वर्षी वीज गेली ती एकच दिवस, १५ नोव्हेंबरला.

वाट अशी: नेपाळमधल्या ढल्केबरहून ४०० केव्ही (किलोव्होल्ट) वाहिनीने बिहारमधलं मुजफ्फरपूर. मीटर तिथे, तिथपर्यंतची गळती नेपाळच्या माथी. पुढे भारतीय ग्रिडमधून (वीजवाहिन्यांच्या जाळ्यातून) पश्चिम बंगालमधलं बहरामपूर आणि मग बांगलादेशातलं भेरामारा. अर्थात नेपाळच्या त्रिशूली नदीच्या पाण्याची तीच वीज भेरामाऱ्याच्या कुश्तिया जिल्ह्यात पोचते असं नाही. नेपाळ एका टोकाला भरतो, बांगलादेश दुसऱ्या टोकाला काढून घेतो, मधला सगळा वेळापत्रकाचा हिशेब.

खरी गोम भेरामाऱ्यात आहे. नेपाळ आणि भारताचे ग्रिड एका तालात चालतात, बांगलादेशचा ताल वेगळा. म्हणून तिथे एसीचं (उलटसुलट वाहणाऱ्या विजेचं) डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) आणि डीसीचं पुन्हा एसी करणारं केंद्र लागतं. ५०० मेगावॅट २०१३ मध्ये, आणखी ५०० २०१८ मध्ये. ही हजाराची क्षमता भारतातून येणाऱ्या विजेच्या आधीच्या करारांनीच जवळपास भरलेली. नेपाळला मिळाली ती उरलेली फट.

दुसरं कुलूप दिल्लीकडे. कुठल्या प्रकल्पाची वीज चालेल हे भारत एकेक करून मंजूर करतो, आणि ज्यात चिनी पैसा किंवा चिनी कंत्राटदार आहे तो बाद. ४५६ मेगावॅटचा अप्पर तामाकोशी याच चाळणीत अडकला, कारण त्याचं स्थापत्यकाम चिनी कंपनीचं. बांगलादेशसाठी निवडले गेले त्रिशूली आणि चिलिमे हे प्रकल्प, दोन्ही पंचवीस मेगावॅटच्या आतबाहेरचे.

तरीही ट्रकपेक्षा बरं. एकमेकांच्या गाड्यांना सीमेपार जाऊ देण्यासाठी थिंफूत २०१५ मध्ये या तिघांनी आणि भूतानने मोटार वाहन करार केला. भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने तो नाकारला आणि गाडी रुतली. तारेला भूतानची सही लागत नव्हती.