माहितीदार क्रमांक 7

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. चर्चासत्रात विचारता, मुलाखतीच्या पॅनेलवर विचारता, परवा माझ्याच एका विद्यार्थ्यानं डबा खाता खाता विचारलं: "मॅडम, आदिवासी भागातली, खेड्यातली मुलं विद्यापीठात आली, चांगलंच झालं. पण त्यामुळे संशोधनात नवीन काय आलं?"

शेजारच्या खोलीतल्या सरांना हे कुणी विचारत नाही. पुण्यात वाढून, पुण्यात शिकून ते वनस्पतिशास्त्रात आले, त्यानं विषयात काय भर पडली, याचा हिशेब त्यांच्याकडे मागितला जात नाही. माझ्याकडे मागितला जातो. आजवर मी एक तर चिडले, नाहीतर हसून विषय बदलला. आज तसं करत नाही.

2011 साली पीएचडीच्या मुलाखतीत मला हेच जरा वेगळ्या शब्दांत विचारलं होतं. "विज्ञानाला जात नसते, सर," असं मी ताडकन सांगितलं. समोरच्यांना ते आवडलं. मलाही ते मनापासून खरं वाटत होतं.

माझा विषय होता भाताचे गावठी वाण. अकोले तालुक्यात, जिथं राहीबाई पोपेरेंनी कोंभाळण्यात बियाण्यांची बँक उभी केली आणि ज्यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली, त्याच डोंगरपट्ट्यात माझं गाव आहे. पाहणीचा छापील फॉर्म विभागाकडून मिळाला होता. पहिला रकाना 'कुटुंबप्रमुखाचे नाव', दुसरा 'लागवडीखालील वाण'. मी घरोघर गेले. ओसरीवर बाप्ये बसलेले असायचे. ते सांगायचे, "इंद्रायणी." खोटं नव्हतं ते, बाजारात हे सुधारित वाण, इंद्रायणीच जाते. फॉर्म भरत गेले. पहिल्या वर्षीचा माझा निष्कर्ष होता की गावठी वाण जवळपास संपले.

आणि त्याच आठवड्यात मी आमच्या घरी, चुलीमागच्या फळीवर राख घालून ठेवलेल्या तीन मडक्यांजवळ बसून जेवत होते. एकात काळभात. एकात लालसर तांदळाचं बी, बाळंतिणीच्या पेजेसाठी. तिसऱ्यात लांब कुसळांचा भात. तो आई खाचराच्या फक्त रानाकडच्या कडेला लावते, कारण कुसळं टोचतात म्हणून डुकरं तिथं तोंड घालायला बघत नाहीत. वाण संपले नव्हते. ते बायकांकडे होते, आणि माझ्या फॉर्ममध्ये बायकांसाठी रकाना नव्हता.

मी तिथलीच, ती मडकी बघत वाढलेली, म्हणून मला हे दिसलं, असं सांगायला मला आवडलं असतं. तुमच्या प्रश्नाला ते छान उत्तर झालं असतं. पण वर्षभर मला ते दिसलं नाही. आईनं मागून विचारलं, "माझ्याकडचं नाही का लिहून घेत?" तेव्हा दिसलं.

पुढचं सगळं काम त्यावर उभं राहिलं. बियाणं कोण राखतं, कशासाठी राखतं, कुठल्या कडेला लावतं. कडेच्या भातावर एक अख्खं प्रकरण झालं. तीन पावसाळे मी डुकरांनी तुडवलेले चूड, म्हणजे भाताच्या रोपांचे झुबके, मोजले. मार्गदर्शक भले होते. त्यांनी सुचवलं, "स्वतःची आई माहितीदार आहे असं लिहू नकोस, पक्षपात म्हणतील. क्रमांक दे." क्रमांक सगळ्यांनाच दिले होते, ती पद्धतच आहे. आई झाली माहितीदार क्रमांक 7.

2016 च्या पावसाळ्यात ओपन व्हायवा, म्हणजे पीएचडीची सगळ्यांसमोरची तोंडी परीक्षा, झाली. आई-दादा पहाटेच्या एसटीनं आले. आईनं लग्नातली हिरवी साडी नेसली होती, मागच्या रांगेत पिशवी मांडीवर घेऊन बसली. बाहेरून आलेले परीक्षक मराठी होते. मागे गावाकडची माणसं बसलेली बघून त्यांनी मुद्दाम मराठीत विचारलं. त्यात त्यांचा चांगुलपणाच होता. "हा कडेचा भात मुद्दाम लावलेला कशावरून? बियाण्यात भेसळ झाली असेल. हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी म्हणाले, "माहितीदार क्रमांक 7."

"त्यांच्यावर कितपत विसंबता येईल?"

एवढंच म्हणायचं होतं, त्या मागे बसल्यात, त्यांनाच विचारा. मी म्हणाले, "त्या निरक्षर आहेत सर, त्यामुळे त्यांच्या सांगण्यावर पूर्ण विसंबता येत नाही. म्हणून मी मोजणी केली."

सरांनी मान डोलावली. उत्तर शास्त्राला धरून होतं. आजही एखाद्या विद्यार्थ्यानं दिलं तर मी त्याला त्याबद्दल गुण देईन. पण बाकीच्यांना क्रमांक दिला तो त्यांना जपायला, आईला दिला तो मला जपायला. हे मला त्या क्षणीही कळत होतं.

टाळ्या झाल्या, पेढे वाटले. परतीच्या गाडीत घाट लागल्यावर आईनं विचारलं, "सात नंबर म्हंजी मीच ना गं? माझं काही चुकलं व्हतं का सांगताना?"

मी नाही म्हटलं. पुढचं काही बोलता आलं नाही.

तर विविधतेनं संशोधनात काय आलं? माझ्यापुरतं, एक रकाना आला. पण तो मी जन्मानं आणला नाही, आणि आणला तेव्हा तो आणणारीला मी झाकून ठेवलं. उलट, गेल्या वर्षी नागपूर शहरात वाढलेली माझी एक विद्यार्थिनी माझ्याच गावात जाऊन बायकांना विचारून आली, की सून आल्यावर मडकी कुणाची होतात. मला हे सुचलं नसतं. माझ्या घरात ते इतकं रोजचं होतं.

मग म्हणाल, कोण कुठून आलं यानं फरकच पडत नाही. नाही, तसंही नाही. 2018 मध्ये यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, प्राध्यापकांच्या आरक्षणासाठी विद्यापीठाऐवजी विभाग हे एकक धरायला सांगितलं. कितवी जागा कुठल्या प्रवर्गाची हे ठरवणाऱ्या यादीत, बिंदुनामावलीत, अनुसूचित जमातीची पहिली जागा चौदावी. चौदा प्राध्यापक असलेले विभाग किती असतात? 2019 साली कायदा करून केंद्रीय संस्थांपुरतं ते मागे घेतलं गेलं. त्या वर्षभरात मी रोज मोजायचे, आमच्या विभागात किती खुर्च्या आहेत. फॉर्म ज्या टेबलावर ठरतो तिथं आईच्या चुलीपाशी जेवलेलं कुणीच नसेल, तर "माझ्याकडचं नाही का लिहून घेत" हे कुणाला ऐकू येणार? मला ते वर्षभरानं ऐकू आलं. तरी आलं.

2011 ची मी आज समोर बसली तर तिचं वाक्य खोडेन का? सांगता येत नाही. ती त्याच वाक्यावर आत शिरली होती.

कडेच्या भातावर नवीन पेपर लिहिते आहे. या दिवाळीत आईला विचारलं, सहलेखक म्हणून तुझं नाव घालू का? ती शेंगा निवडत होती. म्हणाली, "घाल. पण त्यात काही चुकलं तर मला बोलावतील ना? आपुन बोलू मंग."