कुपीतला येऊरचा कोळी

ठाण्यातील एका महाविद्यालयाच्या संग्रहात आजचा दिवस, ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवलेले येऊरच्या जंगलातले चक्राकार जाळी विणणारे कोळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात गेला. अल्कोहोलमध्ये रंग उडतो, आणि जिवंतपणीही एकाच जातीतील कोळ्यांच्या पाठीवरील नक्षी इतकी बदलते की केवळ तिच्यावर विसंबणे धोक्याचे असते. म्हणून जात ठरवताना मादीच्या पोटाखालील जननेंद्रियाची रचनाच तपासावी लागते.

‘अरेनियस’ या वंशाची (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाची) चिठ्ठी असलेली एक मादी मला तरी ‘निओस्कोना’ या दुसऱ्या वंशातली वाटली, कारण तिच्या शिरोवक्षावरील (डोके व छाती मिळून झालेल्या पुढच्या भागावरील) खाच आडवी नसून उभी होती. (चिठ्ठीचे अक्षर मात्र मोत्यासारखे!) जुनी चिठ्ठी काढून टाकायची नसते, त्यामुळे पेन्सिलीने लिहिलेली नवी चिठ्ठी तिच्याच शेजारी सोडून कुपी बंद केली.