सस्पेन्शनपासून भुकटीपर्यंत : आमची वाटचाल

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत आमचा छोटा कारखाना आहे. औषधांच्या नॅनोकणांचे (अतिसूक्ष्म कणांचे) पाण्यातले सस्पेन्शन, म्हणजे न विरघळलेले कण तरंगत असलेले मिश्रण वाळवून, गोळीत किंवा कॅप्सूलमध्ये भरता येईल अशी कोरडी भुकटी आम्ही औषध कंपन्यांना तयार करून देतो. सुरुवातीला आमच्याकडे एकच स्प्रे ड्रायर (द्रवाचे तुषार गरम हवेत फवारून वाळवणारे यंत्र) होता आणि त्यावर वनस्पतींचे अर्क वाळवण्याचे जॉब वर्क चालत असे. औषधांकडे वळलो ते एका जुन्या ग्राहकामुळे. त्यांच्या प्रयोगशाळेत फेनोफायब्रेट या रक्तातील चरबी कमी करणाऱ्या औषधाचे सस्पेन्शन उत्तम जमत होते, परंतु ते टिकत नव्हते.

फेनोफायब्रेट पाण्यात जवळपास विरघळतच नाही, त्यामुळे त्याच्या जुन्या गोळ्या जेवणासोबत घ्याव्या लागत. तेच औषध झिर्कोनिया या कठीण सिरॅमिकच्या बारीक मण्यांसोबत पाण्यात दळून 10 मायक्रॉनचा कण 200 नॅनोमीटरवर आणला, की तेवढ्याच वजनाचे पृष्ठफळ 50 पट होते आणि औषध पोटात लवकर विरघळते. अमेरिकेत या तंत्राची सिरोलिमसची (अवयव प्रत्यारोपणानंतर देतात त्या औषधाची) गोळी 2000 साली, तर फेनोफायब्रेटची 145 मिलिग्रॅमची, उपाशीपोटीही चालणारी गोळी 2004 साली मंजूर झाली. द्रवात मात्र हे कण तळाशी बसतात, एकमेकांना चिकटतात, आणि लहान कण विरघळून मोठ्या कणांवर जमत गेल्याने त्यांचा आकार वाढत राहतो.

त्यावर उपाय म्हणजे पाणी काढून टाकणे, आणि आमच्या धंद्याची खरी कसोटी तिथेच लागते. थेंबातले पाणी आटू लागले की उरलेल्या पाण्याचा ताण कणांना एकमेकांकडे ओढतो, आणि ते एकदा घट्ट चिकटले की पाण्यात टाकूनही सुटत नाहीत. मग दळण्याची सगळी मेहनत वाया जाते. म्हणून वाळवण्यापूर्वी सस्पेन्शनमध्ये मॅनिटॉल, लॅक्टोज किंवा ट्रेहॅलोज अशी साखरेच्या जातीची द्रव्ये विरघळवतात, म्हणजे कणांच्या मध्ये साखरेचा थर राहतो आणि पोटात तो विरघळून कण मोकळे होतात. आमचा कल मॅनिटॉलकडे आहे, कारण ते स्फटिकरूपात वाळते आणि हवेतली ओल फारशी धरत नाही. ट्रेहॅलोजची भुकटी जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत सायक्लोनच्या (हवेतून भुकटी वेगळी करणाऱ्या शंकूच्या आकाराच्या पात्राच्या) भिंतींना चिकटून बसते, आणि कोकणपट्टीच्या कडेला कारखाना असणाऱ्याने हा हिशेब आधीच मांडलेला बरा.

स्थिरकाकडेही, म्हणजे कणांना एकमेकांपासून दूर ठेवणाऱ्या द्रव्याकडेही, तितकेच लक्ष द्यावे लागते. एचपीएमसी हे सेल्युलोजपासून बनवलेले स्थिरक थंड पाण्यात छान विरघळते, पण तापवले की तेच द्रावणातून बाहेर पडून जेलसारखे होते. पोलोक्झामर 188 हे दुसरे स्थिरक तर 50 अंशांच्या थोडे वर गेले की वितळू लागते. त्यामुळे आत जाणाऱ्या हवेचे तापमान 130 अंशांच्या आसपास ठेवले तरी आमच्या ऑपरेटरची नजर बाहेर पडणाऱ्या हवेच्या आकड्यावर असते, कारण वाळलेल्या कणाला सोसावी लागते ती तिथली उष्णता.

भुकटी चांगली की वाईट, हे आमच्याकडे प्रथम साध्या परीक्षानळीत ठरते. चिमूटभर भुकटी पाण्यात टाकून नळी हाताने सावकाश उलटसुलट करायची. ध्वनिलहरींनी कण सुटे करणारे अल्ट्रासॉनिक यंत्र लावायचे नाही, कारण रुग्णाच्या पोटात ते नसते. उजेडात धरल्यावर निळसर झाक असलेले दुधी पाणी दिसले आणि तळाशी कणभरही रवाळपणा नसला, तरच नमुना आकार मोजायला पुढे जातो. तो आकार दळल्या दिवशीच्या आकाराशी ताडून पाहतो, आणि हीच चाचणी 37 अंशांच्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लातही करतो. औषध किती विरघळले हे मोजण्याच्या चाचणीत नमुना गाळायला नेहमीचा 0.45 मायक्रॉनचा फिल्टर आम्ही वापरत नाही, कारण 200 नॅनोमीटरचे न विरघळलेले कण त्यातून सहज निसटतात आणि सगळे औषध विरघळल्याचा भास होतो.

साखर किती घालायची, यावर ग्राहकांशी आजही सर्वांत जास्त चर्चा होते. साखर वाढवली की कण सुटे राहतात, पण 145 मिलिग्रॅम औषधासाठी गोळी गिळवणार नाही इतकी मोठी होऊ लागते. अशा वेळी आम्ही फ्लुइड बेडचा (खालून येणाऱ्या हवेत कण तरंगत ठेवून वाळवणाऱ्या यंत्राचा) मार्ग सुचवतो. त्यात सस्पेन्शन थेट लॅक्टोजच्या कणांवर किंवा साखरेच्या बारीक मण्यांवर फवारून वाळवतात, आणि गोळीत किंवा कॅप्सूलमध्ये जे पूरक द्रव्य लागणारच असते तेच आधाराच्या कामी येते. फ्रीझ ड्रायिंग (गोठवून निर्वातात पाणी काढणे) आम्ही उष्णता न सोसणाऱ्या औषधांपुरतेच ठेवले आहे. त्यात वेळ आणि वीज दोन्ही फार जातात.

भारतात नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे 2019 मध्ये जाहीर झाल्यापासून ग्राहकही अधिक नेमके प्रश्न विचारू लागले आहेत, आणि आम्हाला ते हवेच आहेत. पहिल्या दिवशी उत्तम सुटणारी भुकटी काही महिन्यांनी सुटेनाशी होऊ शकते, म्हणून 40 अंश सेल्सिअस व 75 टक्के आर्द्रतेत ठेवलेल्या नमुन्यांची परीक्षानळीतली चाचणी आम्ही प्रत्येक टप्प्यावर पुन्हा घेतो. सध्या तिथे मॅनिटॉल आणि ट्रेहॅलोज यांच्या मिश्रणाच्या भुकट्या ठेवल्या असून, त्यांचे निकाल आल्यावरच नव्या फ्लुइड बेडची मागणी नोंदवायची असे ठरले आहे.