भूस्थिर उपग्रहाचं इंधन जातं कुठे?

डीटीएचचा उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर एका जागी उभा असतो, असं आपण म्हणतो. खरं तर तो सतत धरून ठेवावा लागतो. चंद्र-सूर्य मिळून त्याच्या कक्षेचं प्रतल वर्षाला ०.७५ ते ०.९५ अंश कलवतात. सूर्य कितीही अवजड असला तरी इथे परिणाम अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो (अंतर दुप्पट, तर परिणाम आठपट कमी), म्हणून त्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहूनही कमी. आकडा खालीवर होतो तो चंद्रकक्षेच्या १८.६ वर्षांच्या चक्रामुळे.

कल १ अंश झाला की उपग्रह रोज १ अंश उत्तरेला आणि तेवढाच दक्षिणेला जाऊन येतो. गंमत म्हणजे गच्चीवरच्या ६० सेंटिमीटर डिशला त्याचं फारसं काही वाटत नाही. केयू बँडच्या (डीटीएच ज्या लहरींवर चालतं त्या पट्ट्याच्या) ३.८ मीटर डिशचा झोत मात्र जेमतेम अर्धा अंश रुंद, तिचा सिग्नल रोज ठरलेल्या वेळी जातो.

कक्षेतला वेग सेकंदाला ३.०७ किलोमीटर, त्यामुळे १ अंश कल काढायला सेकंदाला सुमारे ५४ मीटरचा धक्का लागतो. दोन टनी उपग्रहाचं वर्षाला तीसेक किलो इंधन यातच जातं. पूर्व-पश्चिम सरकणं आवरायला यापुढे चिल्लर लागते.

थ्रस्टर, म्हणजे हा धक्का देणारं छोटं इंजिन, वाटेल तेव्हा पेटवून चालत नाही. उपग्रह विषुववृत्त ओलांडून उत्तरेकडे निघतो त्या बिंदूवर, म्हणजे साधारण ९० अंश विषुवांशावर (ताऱ्यांच्या संदर्भात मोजलेल्या आकाशातल्या रेखांशावर), दक्षिणेकडे धक्का द्यायचा. उपग्रहाच्या स्थानिक वेळेनुसार ही घटका जूनअखेरीस दुपारी बारा, सप्टेंबरात सकाळी सहा, डिसेंबरात मध्यरात्र. दर महिन्याला दोन तास अलीकडे.

घोळ होतो तो थ्रस्टरच्या दिशेत. सेकंदाला २ मीटरचा धक्का १ अंश तिरका बसला तर साडेतीन सेंटिमीटर वेग कक्षेच्या दिशेत झिरपतो, आणि उपग्रह रोज ०.०१२ अंश सरकू लागतो. ठरलेल्या रेखांशापासून ढळायची मर्यादा ±०.०५ अंशांची असेल तर मध्यावरून निघालेला उपग्रह चार दिवसांत हद्दीबाहेर! म्हणून धक्क्यानंतर जमिनीपासून उपग्रहाची अंतरं मोजून कक्षा नव्याने काढतात आणि एक-दोन दिवसांत पूर्व-पश्चिम दुरुस्ती करतात. हे टाळणं म्हणजे शेजारच्या उपग्रहाशी भांडण ओढवून घेणं.

इंधन संपत आलं की उत्तर-दक्षिण दुरुस्ती थांबवून फक्त रेखांश सांभाळतात. माझ्या मते हा शहाणा सौदा आहे, उपग्रहाला आणखी काही वर्षं मिळतात. खाली मात्र मागोवा घेणाऱ्या डिश हव्यात. अजिबात हात लावला नाही, तर कल सुमारे २७ वर्षांत १५ अंशांपर्यंत चढतो आणि पुढच्या तेवढ्याच काळात आपसूक शून्यावर येतो.