पोर्ट ५३४

आमच्या कुठल्याच फाइलीत ५३४ हा आकडा नव्हता. तासगावकडच्या द्राक्षबागेतलं आमचं खोकं मात्र पहाटेपासून त्याच पोर्टवर, म्हणजे नेटवर्कच्या त्याच क्रमांकाच्या दारावर, धडका मारत होतं.

कुपवाडच्या एमआयडीसीत आम्ही पानांचा ओलावा मोजणारी खोकी बनवतो. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की दावण्या या बुरशीरोगाच्या भीतीनं बागायतदार त्या आकड्यावर फवारणी ठरवतात. शेडमधल्या गेटवेचा, म्हणजे खोक्यांचे आकडे गोळा करणाऱ्या यंत्राचा, पत्ता आम्ही मल्टिअ‍ॅड्रेस पद्धतीनं ठेवतो: /आयपी४/१९२.१६८.१.२०/टीसीपी/१८८३. म्हणजे पत्ता, बोलायची पद्धत (प्रोटोकॉल) आणि पोर्ट, सगळं एका ओळीत. त्यासाठी सी भाषेतली लायब्ररी आहे. वर आणखी प्रोटोकॉलचा थर हवा तर शेवटी जोडायचा, नको तर काढायचा. मेमरीत आधी प्रोटोकॉलचा क्रमांक, मागोमाग त्याचं मूल्य. आयपी४चा क्रमांक ४, टीसीपीचा ६.

बॅटरी वाचावी म्हणून आदल्या दिवशी एक खोकं यूडीपी या टीसीपीपेक्षा हलक्या प्रोटोकॉलवर नेलं, पोर्ट ५६८३. सकाळी बागवाल्या आण्णांचा फोन: "पानं ओली हाइत, आन् तुमचं यंत्र गप हाय."

लायब्ररीत बग आहे, असं मी ग्रुपवर ठोकून दिलं. फुकटच्या लायब्ररीबद्दल आमच्या साहेबांनाही तेच ऐकायचं असतं.

इंटर्न मुलीनं मेमरीतल्या त्या पत्त्याचे नऊ बाइट कागदावर उतरवले: ४, १९२, १६८, १, २०, १४५, २, २२, ५१. "सर, यूडीपीचा क्रमांक २७३ आहे. एका बाइटात मावत नाही." म्हणून सात-सात बिटांचे तुकडे. २७३ म्हणजे दोनदा १२८ आणि वर १७. आधी १७ जातो, 'अजून बाकी आहे' या खुणेसाठी त्यात १२८ मिळवून १४५, मग २. पुढे पोर्ट: २२ गुणिले २५६, अधिक ५१. बरोबर ५६८३. लायब्ररीनं सगळं चोख लिहिलं होतं.

लायब्ररीचं वाचायचं फंक्शन हळू आहे म्हणून सहावा बाइट थेट वाचणारा शॉर्टकट दोन वर्षांपूर्वी मीच घातला होता. किती हळू, ते मोजलंही नव्हतं. १४५सारखा क्रमांक ओळखीचा नसेल तर टीसीपी समजा, ही डिफॉल्टची ओळही माझीच. मग पोर्ट म्हणून पुढचे दोन बाइट, २ आणि २२. झाले ५३४!

दुपारी लॅपटॉप घेऊन बागेत पोचलो तर फवारणी उरकलेली. "पान हातात धरलं की कळतंय की," आण्णा म्हणाले, आणि चहा सांगितला.

त्या खोक्यातला शॉर्टकट काढला. बाकीच्या बारा खोक्यांत तो अजून आहे; ती टीसीपीवर आहेत म्हणून चालतायत. ग्रुपवरचा माझा मेसेजही तसाच आहे.