पस्तीस हॉर्सपॉवरचे तिघे : आमची वाटचाल

आमचं गॅरेज कोल्हापूरच्या उद्यमनगरात. बोर्डावर ‘सर्व प्रकारच्या ट्रॅक्टरची दुरुस्ती’ असं रंगवलंय, पण अलीकडे निम्म्याहून जास्त काम वेगळंच असतं. कुणाला तरी जुना ट्रॅक्टर घ्यायचाय. दोन-तीन नजरेत भरलेत, ताकद सारखी, किंमत जवळपास, रंग नवा मारलेला. यातला कुठला घ्यावा, एवढं सांगायला माणूस पाहिजे असतो. त्या सांगण्याचे आम्ही पैसे घेतो, आणि घर त्यावर बऱ्यापैकी चालतं. अण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, हे शेवटपर्यंत पटलं नाही. “बघण्याचं कसले पैसं घेतोस?” म्हणायचे.

अण्णांनी सुरुवात केली विहिरीवरच्या किर्लोस्कर इंजिनांपासून. वीज आली तशी इंजिनं कमी होत गेली आणि ट्रॅक्टर वाढले. उद्यमनगराचा फायदा असा की क्रँक ग्राइंडिंग, बोअरिंग, लेथ, ओतकाम सगळं हाकेच्या अंतरावर. साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की उसाच्या वाहतुकीतले ट्रॅक्टर रांगेनं दारात लागायचे आणि पाऊस सुरू व्हायच्या आत सगळ्यांची इंजिनं उतरवून परत चढवायची, हे आमचं वर्षाचं गणित. पुढं नव्या ट्रॅक्टरला कर्ज सहज मिळायला लागलं आणि जुनी धुडं भंगारात जायला लागली. मी गॅरेजात पूर्णवेळ आलो तेव्हा किलोवर विकलेले ट्रॅक्टर डोळ्यांनी बघितलेत. मग वारं फिरलं. लहान जमीनवाल्याला पाच-सात लाखांचा नवा परवडेना. कृषी पर्यटनवाल्यांना दारात उभा करायला जुना हवा. पुण्या-मुंबईत स्थिरावलेल्या पोरांना आज्ज्याच्या वेळचा ट्रॅक्टर पुन्हा चालू करायची हौस. या तिघांचं गिऱ्हाईक म्हणून वागणं सारखंच, गरज मात्र तीन तऱ्हांची.

आमच्या भागात ही तुलना बहुतेक वेळा तिघांत होते. महिंद्राचा बी-२७५, टाफे कंपनीचा मॅसी फर्ग्युसन १०३५ आणि एचएमटीचा झेटर ३५११. तिघेही पस्तीस हॉर्सपॉवरच्या आसपासचे. बी-२७५ आणि मॅसीला मागचा टायरही एकाच मापाचा, १२.४-२८. जुनी माणसं त्यालाच अकरा-अठ्ठावीस म्हणतात. त्यामुळं गिऱ्हाईकाला वाटतं, उन्नीस-बीसचाच फरक असणार.

बी-२७५ मूळचा इंग्लंडमधल्या इंटरनॅशनल हार्वेस्टरचा. तो इथं बनवायला १९६३ साली महिंद्रा, व्होल्टास आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून कंपनी काढली, आणि १९६५ पासून कांदिवलीतून तो बाहेर पडायला लागला. म्हणजे अस्सल मुंबईकर. मॅसीचा वंश फर्ग्युसन ३५ चा, मद्रासच्या टाफेनं १९६० नंतर तो इथं रुजवला, इंजिन सिम्प्सनचं. झेटर चेकोस्लोव्हाकियाचा. एचएमटीनं १९७१ मध्ये हरियाणातल्या पिंजोरला पंचवीस हॉर्सपॉवरच्या २५११ पासून सुरुवात केली, ३५११ त्याचाच थोरला भाऊ.

आता इंजिन. बी-२७५ ला चार सिलेंडर, मिळून १४४ घनइंच. जुन्या मॅसी ३५ चं पर्किन्स तीन सिलेंडरचं, १५२ घनइंच; सिम्प्सन इथं पर्किन्सचीच इंजिनं बनवायचं. झेटरचंही तीन सिलेंडरचं, २३४० सीसी, म्हणजे जवळजवळ १४३ घनइंच. पोटं सारखीच, पण पिस्टनची धाव, म्हणजे वर-खाली जायचं अंतर बघा. बी-२७५ ची चार इंच, पर्किन्सची पाच इंच. लांब धावेचं इंजिन कमी फेऱ्यांत दम धरतं, म्हणून नांगर खोल गेला तरी मॅसी कण्हत का होईना ओढत राहतो. बी-२७५ चार सिलेंडरमुळं मऊ चालतो, रस्त्यावर बरा वाटतो, पण लायनर, पिस्टन, नोझल सगळं चारच्या हिशेबानं घ्यावं लागतं. इंजिन करायला काढलं की हा फरक खिशाला कळतो.

बी-२७५ मध्येच आणखी एक पोटभेद आहे, तो गिऱ्हाईकाला कुणी सांगत नाही. मूळचा बी-२७५ इनडायरेक्ट इंजेक्शनचा, म्हणजे डिझेल आधी बाजूच्या छोट्या कप्प्यात पडतं. हेडला हीटर प्लग असतात, आणि थंडीत सकाळी हीटर दिल्याशिवाय तो दाद देत नाही. नंतरचा २७५ डीआय, यातल्या डीआयचा अर्थच डायरेक्ट इंजेक्शन, डिझेल थेट पिस्टनवर. तो गारठ्यातही पटकन उठतो, डिझेल कमी खातो. दोघांचे पिस्टन वेगळे, हेड वेगळं. दुकानात नुसतं ‘दोनशे पंच्याहत्तर’ म्हणून मागितलं की डीआयचाच माल पुढं येतो. आणि बाजारात असेही बी-२७५ फिरतात ज्यांच्यात कुणीतरी कधीतरी डीआयचं इंजिन बसवलंय. चालायला ते उत्तम असतात. पण ज्याला मूळ रूपातला हवा, त्यानं बॉनेटवरच्या अक्षरांवर जाऊ नये, हेड बघावं आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून घ्यावा.

मॅसीचं खरं वैभव मागं आहे. हॅरी फर्ग्युसननं आणलेली तीन-बिंदूंची जोडणी, म्हणजे अवजार मागं तीन ठिकाणी धरायची पद्धत, आणि ड्राफ्ट कंट्रोल याच घराण्यातली. नांगराला जमीन जड लागली की टॉपलिंकवर, म्हणजे वरच्या दांड्यावर दाब येतो आणि लिफ्ट आपोआप नांगर थोडा उचलते. पण नीट ठेवली असेल तरच. आम्ही मॅसी बघायला गेलो की नांगर किंवा रोटर जोडायला लावतो, उचलतो, इंजिन हळू चालू ठेवतो आणि गप बघत बसतो. लिफ्टचे हात एका जागी ठाम राहिले तर ठीक. डुलकी लागल्यासारखे खाली-वर व्हायला लागले तर आत तेल गळतंय, आणि मागचा डबा उघडावा लागणार. हे पंधरा मिनिटं बघायला धीर लागतो, आणि विकणारा नेमका तेवढ्यात चहा सांगतो.

झेटरबद्दल माझं मत जरा पक्षपाती आहे. मला तो आवडतो. झेटरच्या त्या मालिकेत दोन सिलेंडरच्या २५११ लाही सिलेंडरचा व्यास आणि धाव यांचं ९५ × ११० मिलिमीटरचंच माप आणि तीन सिलेंडरच्या ३५११ लाही तेच. किती विचार करून बांधलंय बघा. पण एचएमटीचा पिंजोरचा कारखाना बंद करायचा निर्णय २०१६ साली झाला. लुधियानाकडून माल अजून येतो, मात्र आज फोन केला आणि उद्या मिळाला असं होत नाही. भाताची चिखलणी तोंडावर असताना एका सीलसाठी थांबावं लागणं परवडत असेल त्यानंच झेटर घ्यावा. हौशी माणसाला मी डोळे झाकून झेटर सांगतो. रोजच्या कष्टाच्या शेतकऱ्याला २७५ डीआय किंवा मॅसी, कारण त्यांचा माल तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळतो. इतिहास किती का मोठा असेना, जूनमध्ये ट्रॅक्टर चालला पाहिजे.

मॉडेल ठरलं तरी अर्धंच काम झालं. दोन सारखे मॅसी शेजारी उभे असले तरी त्यांचं आयुष्य सारखं गेलेलं नसतं. अण्णा बॉनेट उघडायच्या आधी मागं जायचे आणि मला म्हणायचे, “हुकात बोट घाल.” ट्रॉलीच्या हुकाचं भोक गोल असेल तर ट्रॅक्टर बहुतेक रानात राबलाय. अंड्यासारखं लांबट झालं असेल तर त्यानं उसाच्या ट्रॉल्या ओढल्यात, तेही बहुधा दोन-दोन. मग क्लच, ब्रेक आणि क्राउन-पिनियन (मागच्या धुऱ्यातली दातेरी चाकं) यांचा हिशेब वेगळा लागतो. काही हुशार विक्रेते हुक बदलून ठेवतात. अशा वेळी बाकीचं सगळं जुनं आणि हुक तेवढा करकरीत, हीच खूण.

आजरा, चंदगड, राधानगरीकडचा, म्हणजे भाताच्या भागातला ट्रॅक्टर असला की आम्ही मागच्या हाउसिंगचा प्लग सैल करून थोडं तेल बोटावर घेतो. चिखलणीत चाकं अर्धी पाण्यात बुडतात, सील गेलं की पाणी आत शिरतं आणि तेल दुधाळ होतं. शिरोळकडचा, म्हणजे उसाच्या पट्ट्यातला असला तर पुढच्या चाकांचे किंगपिन, बुश आणि स्टिअरिंगची मोकळीक आधी.

कागदांवर मी जरा जास्त वेळ घालवतो, कारण इंजिन पैशानं सुधारतं, कागद सुधारायला पाय झिजतात. ट्रॅक्टरची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढं पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. जुन्या ट्रॅक्टरांपैकी बऱ्याच जणांचं ते कधीच झालेलं नसतं. दुसरी गोष्ट बोजा. त्या काळात पुष्कळ ट्रॅक्टर भूविकास बँकेच्या कर्जावर आले. कर्ज केव्हाच फिटलेलं असतं, पण आरसीवरचा बोजा कुणी उतरवलेला नसतो आणि बँक अवसायनात गेलेली. मूळ मालक वारलेला, वारस चार, त्यातला एक मुंबईत. व्यवहार दहा मिनिटांत ठरतो आणि नाव लागायला वर्ष जातं. म्हणून आमचा नियम असा, की बोजा उतरल्याचा कागद हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. हे ऐकून काही विक्रेते आम्हाला दारातही उभं करत नाहीत. चालतंय.

धंद्यातली मोठी अडचण ट्रॅक्टर कधीच नव्हता, दलाली होती. एजंटाला विकणाराही देतो आणि घेणाराही देतो, ही बाजाराची रीत. आम्ही ठरवलं, फी फक्त घेणाऱ्याकडून, आणि ट्रॅक्टर घेऊ नका असं सांगितलं तरी तीच. सुरुवातीला लोक हसले. “न घ्यायचं पैसं?” पण न घेतलेल्या ट्रॅक्टरनं ज्यांचे पैसे वाचले, त्यांनीच पुढची गिऱ्हाइकं पाठवली. आज सांगली, बेळगाव, सिंधुदुर्गातून फोन येतात. धाकटा भाऊ पंप-नोझलचं बघतो, पुतणी आरटीओची कामं आणि फोटोंची नोंद ठेवते. ट्रॅक्टर विकत घेऊन, सजवून विकण्याचं काम आम्ही थोडंच करतो. सल्ला देणाऱ्यानंच माल विकायला सुरुवात केली की सल्ला वाकडा व्हायला वेळ लागत नाही.

आम्हाला न्यायचं असेल तर एवढं करा. मालकाला सांगून ठेवा की आम्ही यायच्या आत इंजिन सुरू करू नको. सकाळी गार इंजिनावर हात ठेवूनच आम्ही सुरुवात करतो. हात चटकला, तर गाडी वळवून दुसरा ट्रॅक्टर बघायला निघतो.