बॅटरीची बैठक : आमच्या कारखान्याची वाटचाल

गळीत हंगाम सुरू झाला की मी वर्षातून चार-पाच दिवस अंबड, गेवराई, माजलगाव या पट्ट्यात फिरतो. साखर कारखान्याच्या वजनकाट्यापुढे उसाच्या ट्रॅक्टरांची लांब रांग असते, ड्रायव्हर मंडळी चहाला गेलेली असतात. मी टॉर्च घेऊन एकेका ट्रॅक्टरच्या बॅटरीची बैठक, म्हणजे ती गाडीत कशी धरून ठेवली आहे, ते बघत जातो. एका बाजूचा हूक बोल्ट आहे तर दुसऱ्या बाजूला सायकलची ट्यूब आवळलेली. कुठे बाभळीच्या लाकडाची पाचर ठोकलेली, कुठे नायलॉनच्या दोरीचे चार वेढे. ॲसिडने ट्रेचा पत्रा खाऊन टाकलेला आणि बॅटरी अक्षरशः वायरींच्या आधाराने उभी.

मागच्या हंगामात एका पोराने विचारलं, "साहेब, कामून बघायलेत? फायनान्सवाले का?" मी म्हणालो, "नाही रे, आम्ही बॅटरीचे डबे बनवतो." तर तो म्हणाला, "मंग सांगा कंपनीला, वर्सात दुसरी हाय ही. टिकतच नाही." त्याची बॅटरी मी हाताने हलवून बघितली. दोन बोटं सहज सरकत होती. रिकामी ट्रॉली खड्ड्यातून उडत जाते तेव्हा २० किलोची ती बॅटरी ट्रेवर आपटते. धक्का पाचपट गुरुत्वाचा धरला तर त्या क्षणाला ती १०० किलोची होते, आणि तो सगळा भार बसतो डब्याच्या तळावर आणि आतल्या प्लेटांवर. घट्ट बसवलेल्या बॅटरीला गाडीइतकीच थरथर सोसावी लागते, सैल बॅटरीला त्याशिवाय स्वतःचा मारही खावा लागतो. गेली वीस वर्षं आमचं काम या दोन बोटांच्या फटीवर चाललं आहे.

हे मी कॉलेजात शिकलो नाही, घरी शिकलो. जालन्याच्या मोंढ्यालगत वडिलांचं बॅटरी दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. तेव्हा डबे कडक रबराचे, काळे, जड असत आणि वरून डांबराने बंद केलेले. बाबा डांबर वितळवून काढायचे, सेल बाहेर ओढायचे, खराब प्लेटा बदलून पुन्हा बांधायचे. शाळेतून आल्यावर माझं काम म्हणजे रिकामा डबा पालथा करून आतला गाळ धुणं. प्लेटांवरचा लेप सुटून तळाशी साचतो. डब्याच्या तळाला उंचवटे असत ते यासाठीच, प्लेटा त्यांच्यावर टेकतात आणि गाळाला खाली जागा मिळते. तो भरत भरत प्लेटांना टेकला की सेल आतल्या आत शॉर्ट होतो. गाळ किती आणि कसा आहे यावरून बाबा गिऱ्हाईकाला सांगायचे, "ही वयाने गेलेली नाही, हलून हलून गेली. आधी ट्रे नीट करून आणा, मगच बॅटरी बांधून देतो." ट्रे दुरुस्त केल्याशिवाय ते खरोखरच बॅटरी द्यायचे नाहीत. त्यामुळे काही गिऱ्हाइकं तुटलीही.

१९८५ साली औरंगाबादजवळ (आताचं छत्रपती संभाजीनगर) वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना आला आणि त्यामागोमाग छोट्या-मोठ्या पुरवठादारांची रांग. आमच्या पिढीतल्या जालना, बीड, परभणीच्या पोरांना पुण्याला जाण्याशिवाय दुसरा रस्ता दिसायला लागला. मी चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये टूल अँड डाय मेकिंग, म्हणजे साचे बनवणं शिकलो. तिथे फायलिंग करून करून हाताला घट्टे पडले आणि मायक्रॉन म्हणजे काय ते बोटांना कळलं. पुढे आठ वर्षं दुसऱ्यांच्या टूल रूममध्ये नोकरी केली. २००४ मध्ये वाळूजला भाड्याचा गाळा आणि वितळलेलं प्लास्टिक दाबाने साच्यात भरणारं एक जुनं इंजेक्शन मोल्डिंग मशीन घेतलं. सुरुवातीला बॅटरीची व्हेंट प्लग (सेलच्या तोंडाची बुचं) आणि हँडल. त्या वर्षांत लोडशेडिंगने पार घाम काढला. शॉट, म्हणजे साचा भरणं, अर्ध्यात असताना वीज गेली की बॅरलमधलं प्लास्टिक थिजायचं आणि पुढचे दोन तास ते साफ करण्यात जायचे. बाकी हप्ते, उधारी, थकलेली बिलं यांची गोष्ट प्रत्येक लघुउद्योजकाची सारखीच असते, ती इथे उगाळत नाही.

पूर्ण डबा करायचं ठरवलं तेव्हा खरी परीक्षा सुरू झाली. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे, म्हणजे मधे पाच पातळ भिंती. मोल्डमध्ये, म्हणजे साच्यात, त्यासाठी पोलादाचे सहा उंच गाभे शेजारी शेजारी उभे असतात. वितळलेलं पॉलिप्रॉपिलीन (डब्याचं प्लास्टिक) दाबाने आत शिरतं तेव्हा हे गाभे केसभर वाकले तरी एक भिंत जाड आणि शेजारची पातळ होते. पातळ भिंतीत सुईच्या टोकाएवढं छिद्र राहिलं तरी दोन सेलचं ॲसिड एक होऊन बॅटरी बाद. म्हणून प्रत्येक डबा उच्च दाबाच्या विजेखाली तपासावा लागतो. छिद्र असेल तिथे ठिणगी उडते.

आणि मग बैठक. बॅटरी गाडीत धरून ठेवायच्या मुख्य पद्धती दोन. जपानी धाटणीच्या बॅटऱ्यांना वरून आडवी पट्टी किंवा चौकट टाकतात आणि दोन लांब हूक बोल्टांनी खाली ओढून धरतात. युरोपीय धाटणीच्या, म्हणजे डीआयएन या जर्मन मानकाच्या १७५ मिलिमीटर रुंदीच्या बॅटऱ्यांना तळाशी बाहेर आलेली कड असते. एक छोटा क्लॅम्प त्या कडेवर बसतो आणि एकाच बोल्टने बॅटरी जागेवर येते. मला ही दुसरी पद्धत मनापासून आवडते. पकड तळाशी असते, झाकणावर दाब येत नाही, टर्मिनलजवळ लोखंड नसतं, त्यामुळे पाना टेकून ठिणगी उडण्याची भीतीही कमी.

पण अशी कड बनवणं सोपं नाही. डबा मोल्डमधून सुटावा म्हणून त्याला उतार द्यावा लागतो, वर रुंद आणि तळाकडे किंचित अरुंद. तळाला बाहेर कड काढली की तीच मोल्डमध्ये अडकते. मग मोल्डच्या बाजूच्या भिंती सरकणाऱ्या कराव्या लागतात, शॉट झाला की त्या आधी बाजूला होतात आणि नंतर डबा बाहेर येतो. मोल्डचा खर्च एकदम वाढतो. मला शहाणपण सांगणारे खूप भेटले, "कड कशाला, साधा डबा दे, पट्टी टाकून घेतील." मी बँकेचं कर्ज काढून सरकत्या भिंतींचाच मोल्ड केला. तो निर्णय बरोबर होता. त्यातली एक चूक मात्र माझी होती आणि ती महागात पडली.

२०११ चा डिसेंबर. कडेच्या डब्यांची आमची पहिली मोठी खेप बाजारात जाऊन तीन महिने झाले होते. परभणी, जिंतूर भागातून तक्रारी यायला लागल्या की डबा तळाशी फुटतोय. थंडीत परभणीचा पारा एक आकडी होतो हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं. मी ते हिशेबातच घेतलं नव्हतं. परत आलेले डबे टेबलावर ओळीने मांडले तर सगळ्यांची तडे जाण्याची जागा एकच, कड जिथे भिंतीला मिळते तो कोपरा.

बाबा तेव्हा दुकान बंद करून आमच्याकडे राहायला आले होते. त्यांनी एक डबा मांडीवर घेतला, कोपऱ्यातून अंगठ्याचं नख फिरवलं आणि म्हणाले, "इथं नख अडकतंय बघ." ड्रॉइंगमध्ये मी तो आतला कोपरा जवळजवळ धारदार सोडला होता. क्लॅम्पचा सगळा ताण त्या एका रेषेवर गोळा होत होता. कड भक्कम व्हावी म्हणून ती भरीव ठेवली होती, तर जाड भाग सावकाश थंड होऊन आत पोकळी धरत होता. आणि तिसरं कारण सांगायला मला आजही जड जातं. भाव परवडावा म्हणून प्लास्टिकच्या नव्या दाण्यात भंगारातून दळलेला दाणा मी जरा जास्तच मिसळला होता. उन्हाळ्यात हे सगळं झाकून गेलं असतं, पण गारठ्यात पॉलिप्रॉपिलीन ठिसूळ होतं आणि आधीच कमजोर असलेला कोपरा पहिल्या खड्ड्यात गेला.

हिशेब माझी बायको बघते. रात्री जेवताना तिने एवढंच विचारलं, "बाहेर अजून किती डबे आहेत?" दुसऱ्या दिवसापासून आम्ही एकेका दुकानदाराला फोन करून उरलेली सगळी खेप परत मागवली, न फुटलेले डबेसुद्धा. एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचं ॲसिड वायरींच्या जुडग्यावर सांडलं होतं, ते काम आम्ही आमच्या खर्चाने करून दिलं. त्या वर्षी दिवाळीनंतर घरात नवं काही आलं नाही.

मोल्ड उघडून तो कोपरा ३ मिलिमीटरच्या गोलाईचा केला. कड खालून पोकळ करून आत रिबा, म्हणजे आधाराच्या पातळ पट्ट्या, दिल्या आणि रिबेची जाडी भिंतीच्या साधारण निम्मी ठेवली, म्हणजे बाहेरच्या बाजूला खळगा पडत नाही. बॅटरी धरून ठेवणाऱ्या भागांसाठी दाणा फक्त नवा, आणि तोही कोपॉलिमर, म्हणजे थंडीतला मार सोसणाऱ्या जातीचा. नमुने सीपेट या प्लास्टिकच्या सरकारी संस्थेत तपासून घेऊ लागलो. बाबांचं नख मात्र तपासणीच्या यादीत कायम राहिलं. आजही मोल्डवरची मुलं एकमेकांना विचारतात, "नख अडकतं का?"

त्याच काळात आम्ही खडखड्या बनवला. पत्र्याचं टेबल, खाली मोटर, पट्ट्याने फिरणारी पुली आणि तिच्यावर केंद्र सोडून बसवलेला दांडा. वर ट्रॅक्टरचा खराखुरा ट्रे बोल्टने बसवायचा, त्यात पाणी भरलेली बॅटरी आवळायची आणि रात्रभर हलवत ठेवायची. पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेतल्या चाचणीची सर त्याला नाही, प्रमाणपत्रासाठी तिथेच जावं लागतं. पण सकाळी आठ वाजता पाना लावून नट किती सैल झाला ते मोजलं की पुष्कळ कळतं.

उदाहरणार्थ, वरून पट्टी टाकलेल्या बॅटऱ्या मे महिन्यात सैल का होतात ते आम्हाला खडखड्याने दाखवलं. थंडीत माणूस नट गच्च आवळतो. पुढे ४२-४३ अंशांचं ऊन, त्यात इंजिनची धग. सततच्या दाबाखाली गरम प्लास्टिक हळूहळू बसतं, मिलिमीटरचा काही भाग जरी दबला तरी बोल्टचा ताण निघून जातो. मग माणूस आणखी आवळतो, झाकण मधे वाकतं, झाकण आणि डब्याचा गरम करून जोडलेला सांधा उकलतो आणि ॲसिड पाझरतं. आम्ही पट्टीची रचनाच बदलली. तिचे पाय आता झाकणाच्या मध्यावर टेकत नाहीत, टोकाच्या भिंती आणि कप्प्यांच्या भिंती जिथे खाली उभ्या आहेत तिथेच टेकतात. दाब भिंतीतून सरळ तळाला उतरतो. सोबत रबराची गादी आणि नायलॉनची कडी असलेला नट देतो. वर मराठीत छापतो, "बॅटरी हलणार नाही इतकंच आवळा, झाकण वाकेपर्यंत नको."

२०२२ च्या उन्हाळ्यात विजेच्या स्कूटरना आगी लागल्याच्या बातम्या आल्या आणि आमच्या धंद्याचं वळण बदललं. एआयएस-१५६ हे विजेच्या दुचाकी-तीनचाकींच्या बॅटरीसुरक्षेचं मानक कडक झालं, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झालं. आम्ही सेल बनवत नाही, पॅकची (सेल एकत्र जोडून केलेल्या बॅटरीची) वायरिंगही करत नाही. आम्ही फक्त बाहेरचं कवच आणि त्याची बांधणी करतो. पण काढता येणारा पॅक एक मीटरवरून काँक्रीटवर पाडून बघतात, थरथरीच्या टेबलावर तास न् तास ठेवतात, तेव्हा पहिला मार कवचालाच बसतो.

इथे जुने धडे नव्या रूपात भेटले. प्लास्टिकच्या कानातून, म्हणजे कवचाच्या बाहेर आलेल्या बोल्टच्या जागेतून, सरळ बोल्ट घातला तर तीच गत होते, उन्हात प्लास्टिक दबतं आणि बोल्ट सैल. म्हणून प्रत्येक कानात धातूचं बुश (आखूड नळी) बसवतो, कानाच्या जाडीपेक्षा अगदी किंचित आखूड. आवळताना प्लास्टिक तेवढंच दबतं, पुढचा सगळा जोर बुश घेतं. बोल्टाची चारही भोकं गोल ठेवत नाही. एक गोल, बाकीची लांबट. कारण लोखंडी चौकट आणि प्लास्टिकचं कवच सारखं फुगत नाही. ३०० मिलिमीटरच्या कवचात ४० अंशांच्या फरकाने मिलिमीटरभराचा फरक सहज पडतो, आणि त्याला जागा दिली नाही तर तो कान फोडून जागा करून घेतो. शिवाय कान तळाशी न ठेवता पॅकच्या वजनाच्या मध्याच्या उंचीला ठेवतो. तळाशीच धरलं तर खड्ड्यात पॅक झाडासारखा डोलतो.

ई-रिक्षाचं काम मला सगळ्यात जवळचं वाटतं. सीटखाली १२ व्होल्टच्या चार जड बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या, वर आई, लेकरं, बाजाराच्या पिशव्या. त्यातली एक जरी सरकली तर जोडपट्टी ताणली जाते, सांधा सैल होतो, तापतो. चारही बॅटऱ्यांना एकत्र पकडणारी तळाच्या कडेवरची चौकट आम्ही गेल्या वर्षी केली. ती स्वस्त व्हावी म्हणून अजून झगडतोय. रिक्षावाला दादा महिन्याच्या कमाईतून ती घेऊ शकला पाहिजे.

बाबा आता नाहीत. त्यांचा डांबर वितळवायचा स्टोव्ह ऑफिसात ठेवला आहे. मुलगी प्रॉडक्शन इंजिनिअर झाली आणि कॉम्प्युटरवर कवचाचा ताण रंगांत दाखवते, लाल रंग नेमका कोपऱ्यात येतो. यंदा वजनकाट्यावर ती माझ्याबरोबर येणार आहे. गंजून गेलेल्या जुन्या ट्रेवरही बसेल आणि घरच्या पान्याने लागेल अशी एक बैठक आम्हाला करायची आहे. त्यासाठी वेगवेगळ्या ट्रॅक्टरांच्या ट्रेची मापं लागतात. पुठ्ठा, कात्री आणि टॉर्च तिने आत्ताच गाडीत टाकून ठेवली आहेत.